वाव: आणि, पण, मग, किंवा

हिब्रू शिकायला बसलेल्या माणसाचा पहिला तंटा होतो तो शब्दकोशाशी. पानावरचा एखादा शब्द तो कोशात शोधतो आणि तो तिथे नसतो. पुढचा शोधतो, तोही नसतो. मग कुणीतरी जाणता सांगतो, की बाबा रे, त्या शब्दाच्या उजव्या टोकाला जी उभी रेघ दिसते ती शब्दाची नाहीच. ती काढ आणि मग शोध. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे उजवं टोक म्हणजे शब्दाची सुरुवात. त्या रेघेचं नाव वाव.

वाव हे हिब्रू वर्णमालेतलं सहावं अक्षर. माथ्यावर जरासा बाक असलेली एक उभी रेघ, एवढंच त्याचं रूप. नावाचा अर्थ आकडा, म्हणजे काहीतरी अडकवायचा हूक. बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकात निवासमंडपाच्या खांबांवर पडदे टांगायला जे आकडे सांगितले आहेत, त्यांनाही हाच शब्द आहे. व्याकरणातही वावचं काम अडकवण्याचंच. 'आणि' म्हणायचं असेल तर हिब्रूत वेगळा शब्द लिहीत नाहीत. पुढच्या शब्दाला समोरून वाव जोडतात, मध्ये मोकळी जागा न सोडता.

आता प्रश्न असा, की समोर दिसणारा वाव उभयान्वयी आहे की मूळ शब्दाचंच पहिलं अक्षर, हे ओळखायचं कसं? यावर भाषेच्या इतिहासाने आधीच तोडगा काढून ठेवला आहे. फार जुन्या काळी हिब्रूत शब्दारंभीच्या 'व'चा 'य' झाला. अरबीत मुलाला 'वलद' म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या दस्तऐवजांत 'अमुक वलद तमुक' असं यायचं, तेच हे वलद. हिब्रूत त्याच धातूचा शब्द 'येलेद' असा आहे. त्यामुळे 'व'ने सुरू होणारे अस्सल हिब्रू शब्द जवळजवळ उरलेच नाहीत. 'वेरेद' म्हणजे गुलाब, 'वदाई' म्हणजे नक्की, असे थोडे आहेत, तेही बहुतेक उसने किंवा नंतरचे. शब्दाच्या तोंडाशी वाव दिसला, की शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो 'आणि'चाच समजावा.

अरबीचा विषय निघालाच आहे तर इथेच सांगून टाकतो. लेखी मराठीत आपण 'राम व लक्ष्मण' लिहितो. हा 'व' फारसीतून आला असं कोशकार सांगतात, आणि फारसीने तो अरबी 'व'वरून उचलला. अरबी आणि हिब्रू एकाच सेमिटिक कुळातल्या, त्यांचा 'आणि' मुळात एकच. म्हणजे पंचायत समितीच्या नोटिशीत 'नाव व पत्ता' लिहिणारा कारकून रोज वावच्या चुलतभावाला कामाला लावत असतो. भाषाशुद्धीवाले 'व' सोडून 'आणि' लिहा म्हणतात, ते याच कारणाने.

उच्चाराची गंमत पुढे आहे. वावचा साधा उच्चार 'वे'. पण पुढे ब, व, म, प यांपैकी ओठांचं अक्षर आलं किंवा पुढच्या अक्षराला स्वरच नसला, तर 'वे'चा 'उ' होतो. मीठ म्हणजे 'मेलाह', मिरी म्हणजे 'पिलपेल'. मीठ आणि मिरी म्हणायचं तर नियमाप्रमाणे 'मेलाह उ-फिलपेल': वावचा उ झालाच, वर त्याच्या संगतीने 'प'चाही 'फ' झाला. पाव आणि चीज म्हणजे 'लेहेम उ-ग्विना'. 'येरुशलायिम' हे जेरुसलेमचं नाव. त्याच्यापुढे वाव आला की 'वि' होऊन 'विरुशलायिम' असं एकजीव रूप बनतं. 'अनी' म्हणजे मी. 'तू आणि मी' म्हणताना 'अत्ता व-अनी', कारण पुढच्या ऱ्हस्व अकाराचा रंग वाववर चढतो. शिवाय 'योम वा-लायला', दिवस आणि रात्र, अशा जोडगोळ्यांत दुसऱ्या शब्दाच्या पहिल्या अवयवावर आघात असला तर 'वा' म्हणतात.

हे सगळं नियमाचं झालं. इस्रायलमधल्या बाजारात कुणी हे पाळत नाही. तिथे सरसकट 'वे' चालतो: 'मेलाह वे-पिलपेल', 'लेहेम वे-ग्विना'. 'उ-फिलपेल' म्हणणारा माणूस एक तर बातम्या वाचतो किंवा शाळेत व्याकरण शिकवतो. मला यात काही बिघडलं असं वाटत नाही. ज्या नियमाला पाळण्यासाठी पगारी माणसं लागतात तो नियम बोलीतून गेलेलाच असतो. मात्र जुनं वाचायचं असेल तर तो ठाऊक हवा, नाहीतर 'उ'ने सुरू होणारा शब्द पाहून पुन्हा कोशाशी तंटा सुरू.

पण उच्चार ही वावची वरवरची अडचण. खरी अडचण अर्थाची. पाठ्यपुस्तकं पहिल्याच पानावर 'वाव म्हणजे आणि' असं छापून मोकळी होतात आणि विद्यार्थी पुढे कित्येक महिने त्याची फळं भोगतो. वाव दोन गोष्टी शेजारी ठेवतो, बस. त्यांचं एकमेकींशी नातं काय, हे तो सांगत नाही. ते 'आणि' असेल, 'पण' असेल, 'मग' असेल, 'म्हणून' असेल, कधी 'किंवा'सुद्धा. ठरवायचं वाचणाऱ्याने.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'गीतरत्न' या प्रेमकाव्याच्या पहिल्या अध्यायात आहे. तिथली तरुणी स्वतःविषयी दोन विशेषणं वापरते: एक काळेपणाचं, दुसरं देखणेपणाचं. दोहोंच्या मध्ये नुसता वाव. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे सरळ 'आणि' घातला. इ.स. 400च्या आसपास जेरोमने लॅटिन केलं तेव्हा 'पण' लिहिलं. 1611च्या किंग जेम्स आवृत्तीनेही इंग्रजीत 'पण' ठेवला. 1989च्या एका प्रमुख इंग्रजी आवृत्तीने पुन्हा 'आणि' केला. मूळ अक्षर तसूभर हललेलं नाही. हलली ती वाचणाऱ्यांची नजर. स्थळं बघताना 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य ज्या समाजात सहज म्हटलं जातं, तिथल्या वाचकाला यातला फरक उलगडून सांगायला नको. त्या 'पण'मध्ये केवढा निवाडा दडलेला असतो! वाव तो निवाडा करत नाही. ही त्याची उणीव म्हणायची की सभ्यता, हे ज्याने त्याने ठरवावं. मी सभ्यता म्हणेन.

कायद्याच्या वाक्यात मात्र ही सभ्यता परवडत नाही. आई-बापाला शिव्याशाप देणाऱ्याला 'लेवीय' पुस्तकात मृत्युदंड सांगितला आहे, आणि तिथे बाप व आई यांच्यामध्ये वाव आहे. मग दोघांनाही शाप दिला तरच गुन्हा, की एकाला दिला तरी पुरे? तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात यावर रब्बी योशिया आणि रब्बी योनाथान यांचा वाद नोंदला आहे. योनाथान म्हणतात, वावचा अर्थ दोघं मिळूनही होतो आणि एकेकटाही होतो. फक्त दोघंच अभिप्रेत असते तर शास्त्राने 'एकत्र' असा शब्द स्पष्ट घातला असता. योशियांना हे मान्य नाही. त्यांच्या मते नुसत्या वावने दोघं मिळूनच धरावे लागतील. एकेकट्याचा अर्थ काढायला ते वाक्यरचनेकडे वळतात: त्याच वाक्यात शाप देण्याचं क्रियापद एकदा बापाच्या शेजारी आलं आहे आणि एकदा आईच्या, म्हणजे दोघांचा विचार वेगवेगळा केलेला आहे. निकाल दोघांचा एकच, वाट निराळी. आपल्याकडच्या मीमांसकांना ही मंडळी परकी वाटली नसती.

याहून टोकाचे होते रब्बी अकिवा. शास्त्रात एकही अक्षर फुकट नाही, ही त्यांची भूमिका. पुरोहिताच्या मुलीच्या व्यभिचारासंबंधीच्या नियमात 'मुलगी' या शब्दाआधी एक वाव आहे, जो अर्थासाठी आवश्यक नाही. अकिवांनी त्या वावचा आधार घेऊन शिक्षेची व्याप्ती वाढवली. फक्त वाङ्‌निश्चय झालेलीच नव्हे, तर विवाहित मुलगीही त्यात धरली. शिक्षा होती जाळून मारण्याची. त्यावर रब्बी इश्माएलांनी त्यांना विचारलं, की तुम्ही एका वावचा अर्थ लावता म्हणून या बाईला आम्ही आगीत घालायचं का? दुसऱ्या शतकातला हा सवाल-जवाब वाचताना वाटतं, व्याकरणाच्या वर्गात इतकी जोखीम क्वचितच असते.

आता वावच्या सर्वांत चमत्कारिक कामाकडे येऊ. 'अमार' म्हणजे तो म्हणाला. 'योमार' म्हणजे तो म्हणेल. इथवर सरळ आहे. पण बायबलच्या कथाभागात 'योमार'च्या जातीच्या रूपाआधी वाव लागून 'वय्योमेर' झालं, की अर्थ होतो 'आणि तो म्हणाला'. भविष्यकाळाचा भूतकाळ! उलट 'अमार'ला वाव लागून 'वे-अमार' झालं, की अर्थ होऊ शकतो 'आणि तो म्हणेल'. मध्ययुगीन वैयाकरणांनी याला नाव दिलं 'वाव हा-हिपुख', म्हणजे उलटवणारा वाव.

कथा सांगायची ही हिब्रूची मुख्य रीत. 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात 31 वचनं आहेत. पहिलं सोडलं तर उरलेल्या 30ही वचनांची सुरुवात वावनेच होते. लेवीय, गणना, यहोशवा, शास्ते, रूथ, एस्तेर, योना ही अख्खी पुस्तकंच वावने उघडतात. लेवीयचं हिब्रू नाव 'वय्यिक्रा' आहे, म्हणजे 'आणि त्याने हाक मारली'. ग्रंथाचं नावच 'आणि'पासून सुरू व्हावं, हे दुसऱ्या कुठल्या भाषेत चाललं असतं? लेखनिकांनी तर वावचा छंदच घेतला: तोराच्या पुष्कळ गुंडाळ्यांत मोजके स्तंभ वगळता प्रत्येक स्तंभाचं पहिलं अक्षर वाव येईल अशी मांडणी करतात.

हे मराठीत आणायचं कसं? 'आणि तो उठला, आणि तो गेला, आणि त्याने घेतलं' असं केलं तर दोन ओळींत कंटाळा येतो. पण मराठीकडे याला चोख उत्तर आहे: ऊन-प्रत्यय. हिब्रू 'वय्याकोम वय्येलेख' म्हणते, आपण 'उठून गेला' म्हणतो. हिब्रू प्रत्येक क्रियापद पूर्ण ठेवते आणि त्यांना वावने ओवते. मराठी शेवटचं क्रियापद पूर्ण ठेवते आणि आधीची सगळी 'ऊन'वर सोडते. उरलेल्या ठिकाणी 'मग' आणि 'तेव्हा' आहेतच. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर एकहाती केलं. ते 1922मध्ये त्यांच्या निधनापूर्वी पुरं झालं आणि 1924मध्ये छापून निघालं. त्या कामातल्या प्रत्येक पानावर वावने त्यांना हाच प्रश्न घातला असणार. त्याच्याही आधी, 1832मध्ये, मुंबईत जॉन विल्सन यांनी कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीतून छापली होती. म्हणजे मराठीतून वाव समजावून सांगायचा खटाटोप दोनशे वर्षांकडे झुकला आहे.

वाव काळ कसा काय उलटवतो, याचं उत्तर मात्र 'उलटवत नाही' असं आहे. सेमिटिक भाषांत फार पूर्वी भूतकाळाचं एक आखूड रूप होतं, दिसायला भविष्यरूपासारखंच. अक्कादियन भाषेत ते उघड दिसतं: 'इप्रुस' म्हणजे त्याने कापलं, त्याने निवाडा केला. हिब्रूत हे रूप एकटंदुकटं फारसं टिकलं नाही. वावच्या आडोशाने तेवढं राहिलं. मागून आलेल्या पंडितांना वाव दिसला, जुनं रूप ओळखू आलं नाही आणि त्यांनी सगळी करामत वावच्या नावावर टाकली. शेजारच्या मोआबी भाषेतही ही ढब होती. 1868मध्ये सापडलेल्या आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या मेशा राजाच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकात, तो राजा असल्याच वावयुक्त क्रियापदांनी आपले पराक्रम सांगतो. बिनास्वरांच्या मजकुरात 'वय्योमेर' (आणि तो म्हणाला) आणि 'वे-योमार' (आणि तो म्हणेल) यांची अक्षरं हुबेहूब सारखी असतात. फरक राहिला तो पाठपरंपरेत, आणि पुढे तिबेरियाच्या मासोरा पंडितांनी अक्षरांखाली घातलेल्या टिंबांत.

इ.स. 200च्या सुमारास मिश्ना हा ज्यू नियमसंग्रह संकलित झाला तोवर हा उलटा वाव बोलाव्यवहारातून उठला होता. भूतकाळ भूतकाळासारखा दिसू लागला आणि वाव 'आणि'पुरता उरला. नाती सांगायला दुसरं कुणीतरी हवं होतं. ते काम 'शे' या उपसर्गाने उचललं.

'शे' म्हणजे ढोबळमानाने 'की' किंवा 'जो'. बायबलमध्ये या जागी बहुतेकदा 'अशेर' हा लांब शब्द येतो. गीतरत्नात मात्र शीर्षकाच्या ओळीत एकदा 'अशेर' आणि पुढे सगळीकडे 'शे'. मिश्नात तर 'शे'चंच राज्य. त्याची खुबी अशी, की कुठल्याही शब्दयोगी अव्ययाला तो जोडला की उभयान्वयी तयार. 'बिग्लाल हा-गेशेम' म्हणजे पावसामुळे. 'बिग्लाल शे-याराद गेशेम' म्हणजे पाऊस पडल्यामुळे. 'अहरेइ' म्हणजे नंतर, 'अहरेइ शे' म्हणजे असं झाल्यानंतर. 'लिफ्नेइ' आधी, 'लिफ्नेइ शे' असं होण्याआधी. 'अद' पर्यंत, 'अद शे' असं होईपर्यंत. आपण इथे क्रियापदाचं नाम करतो, 'पडला'चं 'पडल्या' करतो, आणि त्याला 'मुळे' चिकटवतो. हिब्रू वाक्याला हात लावत नाही. ते जसंच्या तसं ठेवून दाराशी 'शे' उभा करते. एवढं एक सूत्र हाती आलं की आधुनिक हिब्रूची निम्मी उभयान्वयी अव्ययं पाठ न करता येतात.

शब्दाला समोरून चिकटणारी अशी सात अक्षरं हिब्रूत आहेत: मेम, शिन, हे, वाव, काफ, लामेद, बेत. शाळेत ती लक्षात ठेवायला 'मोशे वे-खालेव' असं शिकवतात, म्हणजे मोशे आणि कालेब. सातही अक्षरं त्यात बसतात, आणि मधला वाव तिथे प्रत्यक्ष 'आणि'चंच काम करत असतो. स्मरणसूत्र असावं तर असं.

मराठी माणूस हिब्रूत हमखास फसतो तो 'की' या शब्दाला. हिब्रूतही 'की' आहे! व्याख्यानात आणि वृत्तपत्रात 'मंत्री म्हणाले की' या अर्थीही तो येतो, त्यामुळे घरचाच वाटतो. पण आपला 'की' फारसीकडून आलेला, हिब्रूचा सेमिटिक. 'व'चं नातं खरं आहे, या 'की'चं निव्वळ योगायोगाचं. रोजच्या हिब्रूत 'की' म्हणजे 'कारण'. 'लो बाती, की हायीती होले': मी आलो नाही, कारण आजारी होतो. आपल्या 'कारण'सारखाच तो दुसऱ्या वाक्यातच शोभतो. कारण आधी सांगायचं तर आपण 'आजारी होतो म्हणून आलो नाही' असं वळण घेतो; हिब्रूत 'केइवान शे' ने सुरुवात करतात किंवा मध्ये 'लाखेन', म्हणजे म्हणून, घालतात. जुन्या हिब्रूत 'की'ची व्याप्ती याहून मोठी होती. तिसऱ्या शतकातले रेश लाकिश यांचं मत तालमूदमध्ये आहे, की 'की' चार अर्थांनी येतो: जर, कदाचित, उलट आणि कारण.

'पण'च्या बाबतीत मराठी वाचकाची बाजू इंग्रजी वाचकापेक्षा भक्कम आहे. हिब्रूत दोन 'पण' आहेत: 'अवाल' आणि 'एला'. 'हू लो रोफे, अवाल हू योदेआ हार्बे': तो डॉक्टर नाही, पण त्याला बरंच कळतं. 'हू लो रोफे, एला मोरे': तो डॉक्टर नाही, तर शिक्षक आहे. आपलं 'नव्हे, तर' म्हणजेच हा 'एला'. तो अरामी वळणाचा, मुळात 'जर नाही' अशा जोडणीतून आलेला. अरबी 'इल्ला'ची घडणही तीच. 'अवाल'चा प्रवास आणखी वाकडा. उत्पत्तीत योसेफचे भाऊ आपला अपराध कबूल करतात तिथे 'अवाल' येतो, आणि तिथे त्याचा अर्थ 'खरोखर' असा आहे. 'खरं आहे' म्हणता म्हणता माणूस 'खरं आहे, पण' वर येतोच, शब्दही आला.

राहता राहिला 'जर'. होऊ शकणाऱ्या गोष्टीसाठी 'इम', न घडलेल्या गोष्टीसाठी 'इलू'. 'इम तावो' म्हणजे तू आलास तर. 'इलू बाता' म्हणजे तू आला असतास तर. मराठीत दोन्हीकडे 'तर' तोच, फरक 'असतास'मध्ये. हिब्रूत क्रियापदाआधीच, पहिल्या शब्दाला, कळतं की आता जे सांगणार ते घडलेलं नाही. वल्हांडणाच्या रात्री म्हणायच्या 'दय्येनू' या गीताचं प्रत्येक कडवं 'इलू'नेच सुरू होतं. देवाने इतकंच केलं असतं तरी पुरे होतं, अशी त्याची सारी मांडणी. पुण्यात 1874मध्ये बेने इस्राएल समाजासाठी हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, सचित्र छापली गेली, त्यात भाकरी करणाऱ्या बायका साडीत दाखवल्या आहेत. त्या घरांतल्या मुलांनी 'इलू'चा अर्थ व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे, दर वर्षी कडव्यामागून कडवं ऐकत उचलला असेल.

आजच्या बोलण्यात 'इलू' मागे पडला आहे. लोक 'इम' आणि 'हाया', म्हणजे 'होता', जोडून काम भागवतात. पण त्याला 'के', म्हणजे 'जसं', लागून झालेला 'के-इलू', 'जणू काही', तरुणांच्या तोंडी असा बसला आहे की त्याचा अर्थच झिजून गेला. वाक्याच्या सुरुवातीला, मध्ये, अडलं की, न अडताही. आपल्याकडे 'म्हणजे'चं झालं तसंच. व्याकरणाचे शिक्षक कुरकुरतात, त्याचा परिणाम शून्य. लिहिताना अक्षरं सगळी शाबूत असतात. बोलताना तेवढं 'किलू' ऐकू येतं.